बोधचिन्हाची घडण

(आनेकल येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकावी, बोम्मसंद्र ओलांडावे आणि चंदापुऱ्याला वळून आनेकलची वाट धरावी. तेवढ्या प्रवासात किती खुणा डोळ्यांखालून जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ, पेट्रोलपंपावरचे चिन्ह, औषध कंपन्यांची आणि रुग्णालयांची चिन्हे, ऑगस्ट २०२५ पासून बोम्मसंद्रपर्यंत धावू लागलेल्या मेट्रोचे फलक. तसेच पुढे अत्तिबेले ओलांडून गेले की तामिळनाडूच्या हद्दीत होसूरला टायटनचा घड्याळांचा कारखाना. यातल्या प्रत्येक खुणेसाठी कधीतरी कुणीतरी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. त्या माणसाने सुरुवात कुठून केली? काय ठेवले, काय खोडले? आणि आता पुरे, हे त्याला कसे कळले?

आजचा विषय हाच आहे. बोधचिन्ह घडते कसे, आणि ते घडवणारा हात चित्राकडे का वळतो.

हे व्याख्यान र. कृ. जोशी यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ चा, मृत्यू फेब्रुवारी २००८ मधला. सुलेखनकार, अक्षररचनाकार, कवी आणि शिक्षक अशी त्यांची ओळख. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, उल्का या जाहिरातसंस्थेत त्यांनी दोन दशके काम केले आणि १९८३ पासून पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, शिकवले. या सभागृहातल्या पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकले नसेल. त्यांची अक्षरे मात्र प्रत्येकाने वाचली आहेत. ती कशी, ते पुढे येईलच.

बोलण्याचे टप्पे चार आहेत. आधी खुणेचा वारसा. मग चिन्ह घडण्याची रीत. तिसरे अक्षर. चौथे चित्र. आणि शेवटी, आपण काय करू शकतो ते.

पहिला मुद्दा वारशाचा. त्यासाठी लांब जायला नको. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूरु जिंकले आणि हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. बाल शिवाजीचा काही काळ इथे वडिलांपाशी गेला. पुढे शिवाजी महाराजांच्या पत्रांवर जी अष्टकोनी राजमुद्रा उमटली, ती नुसती देखणी वस्तू म्हणून पाहू नये. तिच्या कामाकडे पाहावे. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपला की तळाशी मर्यादेची छोटी मुद्रा. वरची सांगते की पत्र कुणाचे आहे. खालची सांगते की मजकूर इथे संपला, याखाली कुणी एक ओळही घुसडू नये. एक खूण मालकी सांगते, दुसरी हद्द राखते. लहानशा जागेत ठाशीव अक्षरे, बाहेरून एक बंदिस्त आकार, आणि शाईत बुडवून हजारदा उमटवली तरी ओळख न हरवणारी रचना. आजच्या बोधचिन्हाकडून आपण आणखी काय मागतो?

याच कागदपत्रांची लिपी मोडी. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर एक आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही. देवनागरीत अक्षर लिहून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ येते. मोडीत रेघ आधी, अक्षर मागाहून. क्रम एवढाच बदलला, पण त्याने अक्षराचा सगळा स्वभाव बदलला. ते धावते झाले, गोल झाले, एकमेकांत गुंतले. साधन, वेग आणि कामाची गरज यांतून आकार जन्मतो, हा धडा मोडीने आपल्याला केव्हाच देऊन ठेवला आहे.

मग छपाई आली, रेल्वे आली, बाजार आला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे काढणारा हा मोठा चित्रकार पोस्टकार्डांसाठी, पुस्तकांसाठी आणि जाहिरातींसाठीही तितकेच मन लावून काम करत असे. त्यांना ते काम कमी प्रतीचे वाटले नाही. १९३५ च्या सुमारास जे. जे. मध्ये जाहिरातकलेचा वेगळा विभाग सुरू झाला आणि पुढे त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. चित्रकार आणि जाहिरातीचा कलावंत अशा दोन वाटा त्यानंतर कागदोपत्री वेगळ्या झाल्या. हातातून त्या कधी वेगळ्या झाल्या का? या प्रश्नाकडे चौथ्या मुद्द्यात परत यायचे आहे.

दुसरा मुद्दा रीतीचा. बोधचिन्ह घडते कसे?

उदाहरण असे घेऊ, जे या क्षणी प्रत्येकाच्या खिशात आहे. रुपयाचे चिन्ह. २००९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्यासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्यांतून पाच जण अंतिम फेरीत पोहोचले आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह मंजूर केले. उदयकुमार तामिळनाडूचे. त्या वेळी ते मुंबईत आयडीसीत डॉक्टरेटचे काम करत होते, म्हणजे जोशींनी जिथे शिकवले त्याच संस्थेत. त्याआधी त्यांनी तमिळ अक्षरांवर काम केले होते आणि पराशक्ती नावाचा तमिळ फाँट घडवला होता. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. देवनागरी र वर आधारलेले चिन्ह देणारा हा माणूस तमिळ अक्षरांत मुरलेला होता.

आता त्या चिन्हाकडे अगदी जवळून पाहू. देवनागरी र घ्या. डोक्यावर शिरोरेषा, खाली वळण, मग तिरका पाय. आता रोमन आर घ्या. डावीकडे उभा दांडा, वर पोट, खाली तिरका पाय. दोघांत सारखे काय? पोट आणि पाय. वेगळे काय? एकाची शिरोरेषा, दुसऱ्याचा दांडा. उदयकुमारांनी रोमन अक्षराचा दांडा काढून टाकला आणि देवनागरीची शिरोरेषा ठेवली. मग तिच्याखाली समांतर अशी दुसरी आडवी रेघ दिली. डॉलर, युरो, पौंड, येन यांच्या चिन्हांत अक्षराला छेद देणारी रेघ असतेच. त्यामुळे हे नवे चिन्ह त्या पंगतीत परके वाटत नाही. दोन रेघा आणि त्यांच्या मधली मोकळी जागा यांत तिरंग्याचे पट्टे दिसतात, बरोबरीची खूणही दिसते.

इथे थोडे थांबायला हवे. या चिन्हात भर काय घातली गेली? एक रेघ. वजा काय झाले? एक दांडा. सगळे काम त्या वजाबाकीत आहे. ज्याला दोन्ही लिप्या हातातून माहीत आहेत, त्यालाच कोणता अवयव काढला तरी अक्षर जिवंत राहते हे कळते. बाकीच्यांना फक्त नाणी, कमळे, चक्रे आणि मोर सुचतात.

या उदाहरणावरून रीत मांडता येते. पहिली पायरी ऐकण्याची. काम देणारा काय म्हणतो आणि त्याला खरोखर काय हवे आहे, यांत अंतर असते. तो म्हणतो, सूर्य हवा, झाड हवे, हात हवेत, गती हवी आणि परंपराही हवी. रचनाकार विचारतो, हे चिन्ह कुठे उमटणार? कोण पाहणार? किती अंतरावरून? दुसरी पायरी गोळा करण्याची. त्या क्षेत्रातली आधीची चिन्हे, त्या गावातल्या पाट्या, त्या भाषेतली अक्षरे. तिसरी पायरी कच्च्या रेखाटनांची. ही पेन्सिलने, लहान आकारात, भराभर करायची. नखाएवढ्या चौकटीत सुचलेली गोष्ट ओळखू आली तरच ती मोठी करण्यात अर्थ. चौथी पायरी निवडीची आणि वजाबाकीची. आणि पाचवी, जी पुष्कळदा गाळली जाते, ती पारखण्याची.

पारखायचे कसे? रंग काढून घ्या. नुसत्या काळ्या शाईत चिन्ह टिकते का? ग्रामपंचायतीच्या रबरी शिक्क्यावर उमटवा. शाई जास्त झाली तर मधल्या फटी बुजतात का? लेटरहेडच्या कोपऱ्यात टाका, पाण्याच्या टाकीवर रंगवा, टेम्पोच्या मागच्या फळीवर चढवा, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नखाएवढे करा. कापडावर विणता येते का? पत्र्यातून कापता येते का? लहान मुलाने पाहून मग आठवणीने वहीत काढले, तर ओळखू येते का? या सगळ्यांतून जे निभावते, तेच वर्षानुवर्षे वापरात राहते. स्टेट बँकेचे चिन्ह १९७१ चे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत शिकणाऱ्या शेखर कामत यांनी ते केले. एक भरीव वर्तुळ, त्यात एक छोटा गोल आणि तिथून खाली उतरणारी फट. पन्नासहून अधिक वर्षे झाली. पासबुकापासून एटीएमपर्यंत छपाईचे तंत्र कितीदा बदलले, चिन्हाचा गाभा तोच राहिला. कुणाला त्यात किल्लीचे भोक दिसते, कुणी त्याला अहमदाबादच्या कांकरिया तलावाची गोष्ट जोडते. खूण लोकांच्या हाती गेली की लोक तिच्यात आपला अर्थ घालतात, आणि इतकी साधी असल्यामुळेच ती त्या सगळ्या अर्थांना जागा देते.

आणि चिन्ह मंजूर झाले म्हणजे काम संपले का? नाही. जुलै २०१० मध्ये रुपयाचे चिन्ह जाहीर झाले, पण ते कोणत्याच कळफलकावर नव्हते. मंगळूरच्या फोरेडियन या छोट्या कंपनीने काही दिवसांतच एक मोफत फाँट काढला, ज्यात एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या कळीवर हे चिन्ह बसवले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडने त्याला अधिकृत स्थान दिले, मग फाँट बदलले, कळफलक बदलले, नाणी बदलली. कर्नाटकातल्या एका लहान कंपनीने मधली दरी भरून काढली, हे इथे बसून आवर्जून सांगायला हवे. चिन्हाचे आयुष्य राजकारणाच्या वाटेनेही जाते. मार्च २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात या खुणेऐवजी तमिळ अक्षर घातले आणि देशभर चर्चा झाली. अक्षराला लोक किती जिवाभावाने धरून असतात, हे त्या चर्चेत दिसले.

अक्षराशी आलोच आहोत, तर तिसरा मुद्दा.

भारतीय रचनाकाराचे काम एका लिपीत भागत नाही. इथे आनेकलात तर मुळीच नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्यांवर किमान साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा, असे ठरवले. महाराष्ट्रातही पाटीवर मराठी देवनागरी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, असा नियम आहे. म्हणजे कंपनीचे इंग्रजी बोधचिन्ह तयार झाले की तेच कन्नडमध्ये करायचे, तेच देवनागरीत करायचे. पुष्कळ ठिकाणी काय होते? इंग्रजी नाव मोठ्या विचाराने घडवलेले असते आणि कन्नड नाव संगणकात जो फाँट सापडेल त्यात टाकलेले असते. रस्त्याने जाताना हे पाहा. एकाच पाटीवर एक लिपी पाहुण्यासारखी सजलेली आणि दुसरी दाराशी उभी.

आता जोशींकडे येऊ. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर ते मुंबईतल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करू लागले. तिथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांचे फाँट तयार झाले. देवनागरीचा मंगल. आणि कन्नडचा तुंगा. विंडोजवर चालणाऱ्या संगणकांनी ही अक्षरे कचेऱ्याकचेऱ्यांत आणि घराघरांत नेली. वर्षानुवर्षे अर्ज, दाखले, नोटिसा, पत्रे या अक्षरांत टंकली गेली. या सभागृहातल्या किती जणांनी तालुका कचेरीतला कन्नड दाखला हातात घेताना विचार केला असेल, की या अक्षरांच्या मागे एका मराठी माणसाचा हात असू शकतो?

हे काम किती अवघड, ते दोन लिप्या शेजारी ठेवून पाहू. देवनागरी रेघेखाली लटकते. कन्नड अक्षराला अशी सलग रेघ नाही. अक्षरागणिक डोक्यावर एक छोटा फटकारा असतो, त्याला तलेकट्टु म्हणतात. देवनागरीत उभे दांडे पुष्कळ. कन्नडमध्ये बहुतेक सगळी वळणे. जोडाक्षर देवनागरीत बहुधा आडवे वाढते, अर्धे अक्षर पुढच्याला चिकटते. कन्नडमध्ये ते खाली उतरते. अम्मा हा शब्द कन्नडमध्ये लिहिताना दुसरा म पहिल्याच्या खाली उजवीकडे लहान रूपात येतो. त्याला ओत्तु म्हणतात. म्हणजे कन्नडच्या ओळीखाली मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचे ओत्तु खालच्या ओळीच्या डोक्यात शिरतील.

देवनागरीची अडचण वेगळी. त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर एका ओळीला बारा-चौदा ठिपक्यांची उंची मिळायची. त्यात शिरोरेषा बसवायची, तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार बसवायचे, तळाशी उकार आणि पायमोडकी अक्षरे बसवायची. उरलेल्या मोजक्या ठिपक्यांत मूळ अक्षर! म आणि भ, घ आणि ध, ख आणि रव यांतला फरक एकेका ठिपक्यावर येऊन टेकतो. बोरूच्या तिरक्या टोकाने येणारे जाड-बारीक सौंदर्य तिथे परवडत नाही. म्हणून मंगलची अक्षरे सरळ आहेत, मोकळी आहेत, रेघ जवळपास एकसारखी आहे. सुलेखनात मुरलेल्या माणसाने आपली आवडती लय बाजूला ठेवून वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सोय पाहिली. मराठी वाचकाला मंगलमध्ये एक गोष्ट खटकत राहिली, तीही सांगितली पाहिजे: ल आणि श ही अक्षरे त्यात हिंदी वळणाची आहेत. पुढच्या पिढीच्या फाँटांनी मराठी वळणाची सोय करून दिली. एकाने रस्ता घातला, दुसऱ्यांनी तो नीट केला.

ती पुढची पिढी कोण? मुंबईच्या एक टाइप या गटाचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा बालू हा जाडसर, गुबगुबीत फाँट अनेक लिप्यांत आहे आणि कुणालाही मोफत वापरता येतो. त्याच्या गुजराती रूपाचे नाव बालू भाई, तमिळचे बालू तंबी, मल्याळमचे बालू चेट्टन, बंगालीचे बालू दा, पंजाबीचे बालू पाजी. आणि कन्नडचे बालू तम्मा. प्रत्येक लिपी आपल्या वळणाची, पण वजन एक, मोकळीक एक, स्वभाव एक. दोन लिप्यांची पाटी करणाऱ्या प्रत्येकाने हा फाँट नमुना म्हणून पाहावा.

बेंगळूरु शहराच्या बोधचिन्हातही हाच प्रश्न होता. डिसेंबर २०१७ मध्ये विधानसौधात ते जाहीर झाले. स्पर्धेतून निवडलेले हे चिन्ह नम्मूर या इथल्याच रचनाकार गटाचे. त्यात कन्नड आणि रोमन अक्षरे एकाच शब्दात मिसळली आहेत. शहराचे चिन्ह म्हटले की विधानसौध, उद्याने, केंपेगौडांचे बुरूज सुचणे साहजिक. या गटाने शहराची दुभाषी बोलीच चिन्हात आणली. कुणाला ते आवडले, कुणाला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता.

अक्षर हेच चिन्ह होऊ शकते, हे मराठी माणसाला कमल शेडगे यांनी शिकवले. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात त्यांची नोकरी होती, आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावे हा त्यांचा खरा रंगमंच. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' अशी नावे वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात, काळ्या-पांढऱ्यात, शेजारच्या दहा जाहिरातींच्या गर्दीत छापली जायची. तिथे चित्राला जागा नव्हती. म्हणून शेडगे यांनी अक्षरालाच अभिनय करायला लावले. नाटक ऐतिहासिक की कौटुंबिक, गंभीर की फार्स, हे नाव वाचण्याआधी नुसते पाहून कळायचे. जुलै २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या अक्षरांवर मराठी नाट्यरसिकांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या.

आता चौथा मुद्दा, चित्राचा.

एक योगायोग पाहा. कमल शेडगे आणि रवी परांजपे यांचा जन्म १९३५ चा. र. कृ. जोशी आणि प्रभाकर बरवे यांचा १९३६ चा. एकाच पिढीतली ही चार माणसे. कुणी अक्षरात गेले, कुणी जाहिरातीत, कुणी चित्रात. पण त्यांच्या वाटा सारख्या एकमेकींना छेदत राहिल्या.

रवी परांजपे बेळगावचे. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झाले. मुंबईच्या जाहिरातसंस्थांत काम केले, नैरोबीला जाऊन आले, वास्तुरचनाकारांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रे काढली. न बांधलेल्या इमारतीचे चित्र काढायचे म्हणजे सावली कुठे पडेल, उन्हात दगड कसा दिसेल, हे आधी मनात बांधायचे. पुढे त्यांनी केवळ स्वतःची चित्रे काढली, तेव्हा त्यांतली बांधणी, नक्षीची शिस्त आणि रेघेची स्वच्छता त्याच कामातून आलेली होती. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'ब्रश मायलेज'. ब्रश किती मैल चालला, हा त्यांचा हिशेब. २०२२ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. सीमाभागातल्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाने हे नाव मुलांपुढे घ्यावे.

प्रभाकर बरवे यांची गोष्ट उलट्या बाजूने पाहण्यासारखी. ते चित्रकारच, पण नोकरी विणकर सेवा केंद्रात, आधी वाराणसीला, मग मुंबईला. हातमागाच्या कापडासाठी नमुने करायचे. कापडाच्या नमुन्यात आकार सपाट असावा लागतो, पुन्हा पुन्हा आला तरी थकू नये असा असावा लागतो, आणि दोन आकारांमधली मोकळी जागाही आकारच असते. आता बरवे यांची चित्रे आठवा. पान, पीस, किल्ली, घड्याळ, शिंपला. पार्श्वभूमी मोकळी. एकेक वस्तू सुटी, खुणेसारखी स्पष्ट, तरी गूढ. 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात त्यांनी चित्र सुचण्याच्या प्रक्रियेचा मराठीत इतका बारकाईने शोध घेतला, की आजही चित्रकलेच्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करावी. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांच्या डायऱ्यांची पानेही मांडली होती. छोट्या चौकटीतली रेखाटने, बाजूला टिपणे, खोडलेले, पुन्हा काढलेले. बोधचिन्ह करणाऱ्याच्या वहीत आणि या डायरीत फरक किती? फार थोडा.

आणि अच्युत पालव. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर उल्काच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी मोडीचा अभ्यास केला. जुन्या दप्तरांतली ती धावती अक्षरे त्यांनी कॅनव्हासवर आणली, मोठ्या फलकावर, मोठ्या ब्रशाने, लोकांसमोर उभे राहून. मोडी आणि देवनागरीच्या मिश्रणातून त्यांनी मुक्तलिपी घडवली. तेच पालव संस्थांसाठी नावे आणि चिन्हे करतात, तेच शाळाशाळांतून मुलांच्या हाती बोरू देतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात अक्षर वाचता येईलच असे नाही. पण ज्या हाताने वाचनीय अक्षर हजारो वेळा गिरवले, त्याच हाताला ते मोडण्याचा अधिकार मिळतो, हे त्यांच्या फटकाऱ्यांतून दिसते.

आता पहिल्या मुद्द्यात राखून ठेवलेला प्रश्न. वाटा हातातून वेगळ्या झाल्या का? या चौघा-पाचांकडे पाहिले तर उत्तर स्पष्ट आहे. चिन्हात रचनाकार दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. चित्रात स्वतःच प्रश्न घालतो. चिन्हात थांबायचे कधी ते काम ठरवते. चित्रात ते चित्रकाराला ठरवावे लागते. पण रेघ तीच, मोकळ्या जागेची जाण तीच, वजाबाकीचा धीर तोच. चित्र काढणाऱ्या हाताला चिन्ह नेमकेपणा शिकवते आणि चिन्ह काढणाऱ्या हाताला चित्र मोकळेपणा देते. म्हणून ज्याला चांगले बोधचिन्ह हवे, त्याने रचनाकाराला नुसती अखेरची मुदत देऊ नये. त्याच्या सरावाला, वहीला, भटकण्याला, चुकीच्या चाळीस रेखाटनांना जागा द्यावी. चिन्ह तिथून येते.

आज हे सांगण्याची निकड आहे. संगणकाला दोन ओळी लिहून सांगितल्या की तो घटकाभरात डझनभर चिन्हे समोर ठेवतो. ती गुळगुळीत असतात, आकर्षकही असतात. पण कन्नड ओत्तु कुठे बसतो, मराठी ल कसा वळतो, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर कोणती फट बुजेल, हे त्याला विचारणारे आणि आलेले उत्तर पारखणारे डोळे कुणाचे असणार? साधन नवे असू द्या. पारखायला मुरलेला माणूसच लागतो, आणि असा माणूस तयार व्हायला वर्षे जातात. त्या वर्षांचा मोबदला समाजाने दिला पाहिजे.

तेव्हा थोडक्यात गोळा करू. खूण जुनी आहे आणि ती कामातून जन्मते. तिची रीत ऐकणे, गोळा करणे, रेखाटणे, वजा करणे आणि पारखणे अशी आहे. आपल्या देशात ती अनेक लिप्यांत विचार केल्यावाचून पुरी होत नाही. आणि तिला पोसणारा झरा चित्राच्या सरावात आहे.

मग आपण काय करायचे? चार साध्या गोष्टी. आपल्या मंडळाचे, शाळेचे, पतपेढीचे, कारखान्याचे बोधचिन्ह करून घेताना रचनाकाराशी लेखी करार करा; हक्क कुणाचे, मोबदला किती, बदल किती वेळा, हे आधी ठरवा. चिन्ह पहिल्याच दिवसापासून कन्नड, मराठी, इंग्रजी अशा सर्व रूपांत मागा; मागाहून चिकटवू नका. कच्ची रेखाटने फेकू देऊ नका. चिन्हाच्या कागदांबरोबर ती जपून ठेवा. आणि चिन्ह करणाऱ्याचे नाव अहवालात, स्मरणिकेत, संस्थेच्या इतिहासात छापा. रस्त्यावरच्या हजारो चिन्हांच्या कर्त्यांची नावे आज कुणालाच सांगता येत नाहीत, कारण ती कुणी नोंदवलीच नाहीत.

याला जोडून आनेकलच्या मंडळींसाठी एक काम सुचवायचे आहे. अत्तिबेले, चंदापुरा, जिगणी, सर्जापूर आणि आनेकल पेठ या टापूत हाताने रंगवलेल्या पाट्या जिथे जिथे उरल्या असतील, त्यांची छायाचित्रे घ्या. पाटी कन्नड असो, तमिळ, तेलुगू, उर्दू की मराठी, सगळ्या घ्या. कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही असेल तर ती वाचा, तो माणूस इथेच राहत असेल तर त्याला गाठा, रंग कोणता वापरला, अक्षर कुणाकडून शिकला, ते विचारून लिहून ठेवा. शाळेतली मुले हे काम सुट्टीत उत्तम करतील. पुढल्या वर्षीच्या व्याख्यानाला ती छायाचित्रे या सभागृहाच्या भिंतींवर नावांसकट लागावीत, आणि त्या पाट्या रंगवणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवावे, एवढी विनंती करून हे व्याख्यान संपवतो.